गावाच्या पाण्याची यादी

एका गावात एक वॉलमन होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं.

पहाटे चारला खांद्यावर लोखंडी चावी टाकून तात्या घराबाहेर पडत. चावी म्हणजे छातीपर्यंत येणारा दांडा, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी खाच. खड्ड्यावरची फरशी सरकवायची, आतला चिखल पायानं बाजूला करायचा, खाच वॉलच्या टोकावर बसवायची आणि फेरे मोजायचे. देवळापुढच्या वॉलचे आटे उलटे होते, तो उजवीकडे फिरवला की उघडायचा. पारापाशी असलेला वॉल पूर्ण उघडला तर पेठेत तोट्या उडायच्या, म्हणून त्याला चारच फेरे. कुठला वॉल आधी, कुठला नंतर, कुणाच्या अंगणाखालून लाइन गेली आहे, कुठल्या वळणावर हवा धरते, हे सगळं तात्यांना ठाऊक होतं. आणि तात्यांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

गावाचं पाणी एका दमात आलं नव्हतं. आधी शाळेमागची उंच टाकी आणि गावठाणापुरती एक लाइन. मग पेठ वाढली, तिला फाटा दिला. एका दुष्काळात घाईघाईनं आणखी एक लाइन टाकली. ओढ्यापलीकडे माळवाडी वाढली, तिच्यासाठी वेगळी योजना आली. सरकारी कागदावर दोन योजना होत्या, पण जमिनीखाली त्या कुठे कुठे एकमेकींत शिरल्या होत्या ते कागदाला माहीत नव्हतं.

तात्या साठीला आले तेव्हा सरपंचताईंनी विषय काढला. "तात्या, तुम्ही चार दिवस आजारी पडलात तर गावाला पाणी कोण सोडणार? हे कुठेतरी लिहून ठेवायला पाहिजे."

तात्यांच्या घरात भावाची दोन मुलं होती. थोरला पुण्यात एका कंपनीत नकाशे काढायच्या कामाला होता. धाकटी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करत होती. दोघांनीही सांगितलं, आम्ही करतो.

थोरल्यानं सुटी काढली. टेप घेऊन गल्ली न् गल्ली मोजली. ग्रामपंचायतीतून योजनेचे कागद मिळवले आणि कंपनीतल्या महागड्या प्रोग्रॅममध्ये गावाचा नकाशा उभा केला. चार इंची पाइप निळा, तीन इंची हिरवा, दोन इंची तांबडा. मराठी नावं एका वळणदार फॉन्टमध्ये. मोठ्या कागदावर छापून, काच लावून तो नकाशा ग्रामपंचायतीत टांगला गेला आणि मूळ फाइल सीडीवर दिली गेली. नकाशा खरोखर उत्तम होता. मोजमापात इंचाची चूक नव्हती. येणारा जाणारा त्यापुढे थांबायचा आणि आपलं घर शोधायचा.

धाकटीकडे ना टेप होती ना तो प्रोग्रॅम. ती रोज संध्याकाळी तात्यांबरोबर फिरायची आणि ते सांगतील ते टिपून घ्यायची. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की तात्यांची सगळी वाक्यं एकाच साच्याची आहेत. "टाकीतनं पाणी देवळापुढच्या वॉलला येतं. तिथनं पाराला. पारापास्नं एक पेठेला, एक पेठेच्या मागं." ह्यातून त्याला, त्यातून आणखी कशाला. बाकीची माहिती म्हणजे त्या त्या वॉलच्या किंवा पाइपच्या अंगावर लावलेली चिठ्ठी.

तिनं हे कॉलेजात गणिताच्या बाईंना दाखवलं. बाईंनी फळ्यावर एक नदी काढली, मधे दोन बेटं आणि सात पूल. हे कोनिग्सबर्ग शहर, आजचं रशियातलं कालिनिनग्राद. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, असा तिथल्या लोकांचा प्रश्न होता. १७३६ साली लेओनार्ड ऑयलर यांनी त्याचा निकाल लावला, आणि तो लावताना शहराचा आकार, पुलांची लांबी, रस्त्यांची वळणं सगळं बाजूला ठेवलं. उरले जमिनीचे चार तुकडे आणि त्यांना जोडणारे सात पूल.

"आता नकाशा पुसते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच फळा पुसला. मग धाकटीकडून वहीत बारा ओळी लिहवून घेतल्या. चार ओळींत चार जागांची नावं, एका ओळीत नुसती # ही खूण, आणि पुढच्या सात ओळींत एकेका पुलाची दोन टोकं. "आता खुणेच्या खाली प्रत्येक जागेचं नाव किती वेळा आलंय ते मोज."

एका बेटाचं नाव पाच वेळा आलं होतं. बाकी तिघांची तीन तीन वेळा.

"कुठल्याही जागी एका पुलानं आलीस तर दुसऱ्या पुलानं बाहेर पडायला हवं. म्हणजे पूल जोडीनं लागतात. विषम आकडा चालेल तो फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागेला, म्हणजे फार तर दोन ठिकाणी. इथं चारही विषम आहेत. म्हणून तशी फेरी होणार नाही. बघ, नकाशा नव्हता, तरी उत्तर मिळालं."

बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, ह्या रचनेला गणितात ग्राफ म्हणतात. माणसांची नाती, एसटीचे मार्ग, घराण्याची वंशावळ, विजेच्या तारा, जमिनीखालचे पाइप, सगळे ह्याच घरातले. आणि असा ग्राफ साठवायची बाईंनी दाखवलेली रीत ही काही त्यांची स्वतःची नव्हती. तिला ट्रिव्हियल ग्राफ फॉरमॅट म्हणतात, थोडक्यात टीजीएफ. साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये ह्याहून सोपी रीत क्वचितच सापडेल. वरच्या भागात दर ओळीला एक बिंदू: आधी त्याची खूण, मग एक जागा सोडून त्याचं नाव किंवा वर्णन. मधे # एकटी. खालच्या भागात दर ओळीला एक जोडणी: कुठून, कुठे, आणि हवं असेल तर त्या जोडणीबद्दल दोन शब्द. नियम संपले.

धाकटीनं नोटपॅड उघडलं आणि तात्यांचं गाव लिहायला घेतलं. तिच्या फाइलीतला हा एक तुकडा:

टाकी उंच टाकी, शाळेमागे
व१ देवळापुढचा वॉल, आटे उलटे
व३ पारापाशी, चारच फेरे
व७ पेठेच्या मागे, गटाराला लागून
व९ माळवाडीच्या तोंडाशी
पेठ पेठेतली घरं
मागची पेठेमागची आळी
माळ माळवाडीची शेवटची सहा घरं
#
टाकी व१ चार इंची
व१ व३ चार इंची
व३ पेठ तीन इंची
व३ व७ तीन इंची
व७ मागची दोन इंची
व७ व९ दोन इंची, ओढ्याखालून, जुनी
व९ माळ दोन इंची

शेवटून दुसऱ्या ओळीवरून घरात थोडी बोलाचाली झाली. थोरला म्हणाला, "ही लाइन माझ्या नकाशात नाही. माळवाडीची योजना झाली तेव्हा ती बंद केली असं कागदात स्पष्ट लिहिलंय. माळवाडीला आता वेगळी टाकी आहे."

तात्या पानाला चुना लावत होते. "कागदात बंद असंल. नव्या टाकीचं पाणी शेवटच्या सहा घरांना चढतच न्हाई. ती अजून ह्याच लायनीवर पितात. मी रोज सोडतो ना बाबा."

थोरल्याला ते पटलं नाही असं नाही. पण नकाशा छापून काचेत गेला होता आणि तो पुण्याला परतायच्या गडबडीत होता. पुढच्या वेळी बघू, असं ठरलं. धाकटीनं तात्यांनी सांगितलं तसं लिहिलं. तिला फक्त एक ओळ वाढवायची होती.

तिनं तिची फाइल ग्रामपंचायतीच्या संगणकावर टाकली, स्वतःच्या मेलवर ठेवली आणि दोन पानं छापून नव्यानं कामाला लागलेल्या मुलाला दिली. कुणी फारसं कौतुक केलं नाही. एका सदस्यानं तर पानं उलटसुलट करून विचारलं, "ही काय वाण्याची यादी आहे का?" ती खरंच तशीच दिसत होती. नकाशा भिंतीवर होता, यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली.

साध्या मजकुराच्या फाइलींचा विषय निघाला आहे तर इथे थोडं थांबून सांगतो. ग्राफ लिहिण्याच्या साध्या रीती अनेक आहेत. अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या परंपरेतून आलेल्या ग्राफव्हिझ ह्या प्रोग्रॅमची भाषा डॉट नावाची. तिच्यात दोन नावांमधे बाण काढला की जोडणी झाली. स्लोव्हेनियातल्या पायेक ह्या प्रोग्रॅमच्या फाइलीत आधी बिंदूंची संख्या आणि यादी, मग जोडण्यांची यादी. जर्मनीतल्या पासाउ विद्यापीठातून जीएमएल आलं, त्यात कंसात कंस घालून हवी तेवढी माहिती लिहिता येते. २००० सालाच्या सुमारास ग्राफएमएल आलं, ते आणखी शिस्तीचं आणि आणखी लांबलचक. प्रत्येकाचा उपयोग आहे, आणि मोठ्या कामाला टीजीएफ अपुरं पडतं हे खरंच आहे. त्यात बिंदू कागदावर कुठे बसवायचा ते लिहायला जागा नाही, रंगाला नाही, लांबीला वेगळा रकाना नाही. जे काही सांगायचं ते वर्णनाच्या शब्दांत कोंबावं लागतं. पण ह्या सगळ्या रीतींमधे एक गुण सारखा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा: फाइल बनवणारा प्रोग्रॅम उद्या जगातून नाहीसा झाला तरी माणूस ती डोळ्यांनी वाचू शकतो.

वर्षं गेली. तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. नवा मुलगा कपाटाच्या दारावरची यादी बघून पाणी सोडू लागला आणि हळूहळू त्याचंही पाठ झालं. ग्रामपंचायतीचा जुना संगणक जाऊन नवा आला, त्याला सीडी घालायची खाचच नव्हती. एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि काचेतला नकाशा आतून बुरशीनं काळा पडला. तो उतरवून माळ्यावर ठेवला. ऑफिसला रंग देताना कपाटही बदललं, त्याच्या दारावरची पानं कुठे गेली ते कुणाला कळलं नाही. धाकटी लग्न होऊन नाशिकला गेली आणि तिथल्या एका शाळेत शिकवू लागली.

मग एका श्रावणात गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आशाताईंनी पहिल्या दिवशी पेठेमागच्या आळीतली तीन घरं कळवली, दुसऱ्या दिवशी माळवाडीच्या टोकाची दोन. तिसऱ्या दिवशी आकडा वाढला. आरोग्य केंद्रातून डॉक्टर आल्या, सलाईनच्या बाटल्या आल्या, शाळेचे दोन वर्ग रिकामे करून तिथे खाटा टाकल्या.

पाणीच कारण असणार हे उघड होतं, पण कुठलं पाणी? आरोग्यसेवकानं टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट केली. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. टाकीच्या पाण्याला छान पिवळा रंग आला. पेठेतल्या नळाला आला. माळवाडीच्या नव्या टाकीलाही आला. आणि आजारी घरं तर दोन ठिकाणी, मधे ओढा, दोन वेगळ्या योजनांवरची. कुणी म्हणालं, माळवाडीच्या लग्नातलं जेवण बाधलं. कुणी म्हणालं, ओढ्यातले मासे. नवा वॉलमन त्याच आठवड्यात बहिणीच्या गावाला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. तात्या अंथरुणातून हातानं काहीतरी दाखवत होते, पण कुणाला अर्थ लागेना.

भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, थोरल्याला फोन लावला. थोरल्यानं पुण्यात जुनी सीडी शोधून काढली. ज्या प्रोग्रॅममध्ये नकाशा केला होता तो त्याच्या कंपनीनं केव्हाच सोडून दिला होता. नव्या प्रोग्रॅमला ती फाइल ओळखता येईना. एका मित्राच्या जुन्या संगणकावर अर्ध्या रात्री ती एकदाची उघडली. रेघा आल्या, रंग आले, पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल झाला होता.

मराठीत संगणकावर लिहिणाऱ्या जुन्या माणसांना हा चिखल चांगला ओळखीचा आहे. त्या काळच्या कित्येक मराठी फॉन्टांत क हे अक्षर संगणकाच्या लेखी क नसायचंच. इंग्रजीतल्या एखाद्या अक्षराच्या जागी क चं चित्र बसवलेलं असायचं. तो फॉन्ट असेतोवर मराठी दिसायची, फॉन्ट गेला की मूळचं इंग्रजी उघडं पडायचं. एका काळातल्या मराठी वर्तमानपत्रांचा, स्मरणिकांचा, दप्तरांचा केवढा तरी मजकूर असा अडकून पडला आहे. ह्यातून वाट दाखवली युनिकोडनं. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. प्रत्येक अक्षराला आपला कायमचा क्रमांक मिळाला, आणि तो क्रमांक फाइलीत कसा लिहायचा त्याची यूटीएफ-८ ही रीत १९९२ साली केन टॉमसन आणि रॉब पाइक यांनी बसवली. ह्या रीतीत देवनागरीच्या एकेका अक्षरखुणेला तीन बाइट लागतात, एवढाच खर्च. म्हणजे फाइल नुसती साध्या मजकुराची असून भागत नाही, मजकूर खऱ्या अक्षरांत लिहिलेला असावा लागतो. धाकटीची फाइल तशी होती.

सकाळी थोरल्यानं नाशिकला फोन केला. "तुझी ती यादी कुठे आहे का गं?"

"आहे ना दादा. मेलवर आहे. आत्ता पाठवते."

तिनं फाइल पाठवायच्या आधी तिच्यातला सगळा मजकूर उचलून भाऊसाहेबांना व्हॉट्सॲपवर नुसता मेसेज म्हणून टाकला. कुठला प्रोग्रॅम नको, फॉन्ट नको. शाळेच्या ओट्यावर उभे राहून भाऊसाहेब फोनवर वाचू लागले आणि धाकटी पलीकडून सांगू लागली.

"भाऊसाहेब, # च्या खाली या. आजारी घरं कुठली? माळवाडीची शेवटची ना? 'माळ' ज्या ओळीत दुसरं आलंय ती ओळ बघा."

"व९ माळ."

"म्हणजे त्यांना पाणी व९ मधून येतं. आता व९ दुसरं कुठे आलंय?"

"व७ व९. ओढ्याखालून, जुनी." भाऊसाहेब थबकले. "अहो ताई, ही लाइन तर बंद आहे."

"बंद नाही. तात्या रोज सोडायचे. आता पेठेमागची आळी बघा. 'मागची' कुठे आलंय?"

"व७ मागची."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. ओढ्याच्या दोन काठांवरची, दोन योजनांवरची म्हणून वेगळी मानलेली घरं एकाच वॉलखाली येत होती. आणि पेठेला पाणी व७ च्या आधीच फुटत होतं, म्हणून पेठ धडधाकट होती. आरोग्यसेवक नळी घेऊन निघाला. पारापाशी पिवळा रंग आला. व७ च्या पुढच्या पहिल्या घरात पाणी तसंच पांढरं राहिलं.

व७ चा खड्डा उघडला तेव्हा तो काठोकाठ गटाराच्या पाण्यानं भरलेला होता. शेजारचं गटार पावसात फुटलं होतं. पाणी उपसल्यावर दिसलं की वॉलच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग झिजून गेलंय. लाइनीत पाणी असतं तेव्हा ते अशा फटीतून बाहेर गळतं, त्यानं नुकसान होतं पण आजार होत नाही. आपल्याकडे मात्र नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी बंद झालं की उतारावरच्या लाइनीतलं उरलेलं पाणी खाली ओघळतं, पाइपात ओढ निर्माण होते, आणि त्याच फटीतून बाहेरची घाण आत खेचली जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं की पहिल्या हंड्यात तीच घाण येते. बाहेर गळणारी फट दुरुस्त करायला आपण महिना लावतो, आणि ती उलट्या बाजूनंही चालते हे विसरतो. मला हे इथे ठासून सांगावंसं वाटतं, कारण गावोगावी पावसाळ्यातल्या साथींना हे एक फार सामान्य कारण असतं.

व७ बंद केला. त्याखालच्या घरांना टँकरनं पाणी दिलं. पॅकिंग बदललं, गटार बांधून काढलं, टीसीएल पावडरचं पाणी सोडून लाइन धुतली आणि सगळ्या नळांना पिवळा रंग येईतो कुणाला पाणी भरू दिलं नाही. आठवड्यात शाळेतल्या खाटा उठल्या. गावातलं कुणी गेलं नाही.

थोरला त्या रविवारी गावाला आला. धाकटीही आली होती. तो तात्यांच्या उशाशी बसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी चित्र काढलं आणि माहिती त्या चित्रात कोंडली. चित्र गेलं, तेव्हा माहितीही गेली. आधी माहिती साध्या ओळींत लिहायला हवी होती, कुणालाही वाचता येईल अशी, आणि चित्र तिच्यातून काढायला हवं होतं. ओळी असल्या तर चित्र हजार वेळा काढता येतं."

तात्यांनी डाव्या हातानं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

धाकटी म्हणाली, "दादा, माझ्या यादीत तरी सगळं कुठे आहे? वॉल कोणाला पाणी देतो ते आहे. पाइप किती लांब आहे ते नाही. ते तूच मोजलं होतंस. उद्या नवा फाटा द्यायचा झाला तर पाणी चढेल का, हे माझ्या यादीतून कळणार नाही."

मग दोघं मिळून कामाला बसले. थोरल्यानं धाकटीची फाइल आधी वायएड ह्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. तो टीजीएफ जशीच्या तशी वाचतो. मांडणी करायला सांगताच पडद्यावर टाकीपासून खाली फुटत जाणारं झाड उभं राहिलं, आणि ओढ्याखालची लाइन त्यात आपल्या जागी होती. त्यानंतर त्यानं माळ्यावरचा काळा पडलेला नकाशा, स्वतःच्या मोजमापाच्या वह्या आणि ही यादी शेजारी ठेवून सगळं एपानेटमध्ये भरलं.

एपानेट हा पाणीपुरवठ्याच्या हिशेबाचा प्रोग्रॅम अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानं १९९३ साली बाहेर आणला. तो कुणालाही फुकट वापरता येतो, आणि आपल्याकडचे अभियंतेही तो वापरतात. त्याच्या आत पुन्हा ग्राफच असतो: टाक्या, जोड आणि घरांचे गट हे बिंदू, पाइप, पंप आणि वॉल ह्या जोडण्या. पाइपाच्या ओळीत त्याची खूण, सुरुवातीचा बिंदू, शेवटचा बिंदू, मग लांबी, व्यास, आतला खडबडीतपणा. त्यावरून तो प्रत्येक जागी पाण्याचा दाब किती राहील ते काढतो. एपानेटमध्ये काम साठवताना मात्र एक गोष्ट नीट बघायची असते. त्याची नेहमीची फाइल, शेवटी नेट लागणारी, ही त्या प्रोग्रॅमपुरतीच असते, माणसाला वाचता येत नाही. पण तेच जाळं साध्या मजकुरात, आयएनपी ह्या नावानं, बाहेर काढता येतं, आणि ते नोटपॅडमध्ये ओळ न् ओळ वाचता येतं. थोरल्यानं पहिलं काम ते केलं.

हिशेबातून कळलं की माळवाडीच्या नव्या टाकीपासून जाणारा शेवटचा पाइप एका मापानं मोठा घातला तर त्या सहा घरांना पाणी चढेल. वर्षभरात ग्रामपंचायतीनं तो घातला आणि ओढ्याखालची लाइन खरोखर बंद केली. धाकटीनं फाइलीतली ती ओळ काढली, त्या जागी नवी घातली, आणि वरच्या भागात व९ च्या वर्णनात 'बंद' असा शब्द जोडला. नकाशा पुन्हा छापून ऑफिसात लागला. त्याच्या शेजारी, त्याच काचेत, यादीची पानंही लागली.

तुमच्याही गावात, सोसायटीत, कारखान्यात असा एखादा माणूस असेल ज्याला कशातून काय जातं ते सगळं ठाऊक आहे: वॉलमन, वायरमन, कालव्याचा पाटकरी, दप्तर सांभाळणारा जुना कारकून. त्याच्याजवळ बसा. नोटपॅड उघडा. वर नावं लिहा, मधे #, खाली जोड्या. साठवताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा, फाइलीच्या नावात तारीख घाला, आणि एक प्रत छापून दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा. त्या माणसाच्या निवृत्तीची तारीख माहीत असेल तर तिच्या आधी हे काम संपवा.